चित्र, पोथी आणि वाणी : मोठ्याने वाचावयाच्या मराठी चित्रपुस्तकांची पूर्वपीठिका

१

मुलाला जवळ बसवून, पानावरील चित्रे दाखवीत, मोठ्याने वाचून दाखवावयाच्या पुस्तकास मराठीत आज 'चित्रपुस्तक' असे म्हणतात. हा वाङ्मयप्रकार परदेशातून आला आणि गेल्या काही दशकांतच येथे रुजू लागला, असा सर्वसाधारण समज आहे. छापील वस्तू एवढ्याच दृष्टीने पाहिले तर हा समज चुकीचा नाही. कोमेनियसचा 'ऑर्बिस पिक्टस' हा ग्रंथ १६५८ मध्ये न्यूरेंबर्ग येथे प्रसिद्ध झाला, आणि मुलांसाठी चित्र व शब्द यांची एकाच पानावर योजना करण्याच्या युरोपीय प्रथेचा आरंभ सामान्यतः त्या ग्रंथापासून मानला जातो. परंतु चित्रपुस्तकाचा विचार वस्तू म्हणून न करता व्यवहार म्हणून केला, तर वेगळेच दृश्य दिसू लागते. या व्यवहाराची तीन अंगे आहेत : पाहावयाचे चित्र, वाचावयाचा लेख आणि ऐकावयाची वाणी. या तीन अंगांचा परस्परसंबंध महाराष्ट्रात शतकानुशतके निरनिराळ्या रीतींनी जुळत आणि तुटत आला आहे. त्या संबंधाचा इतिहास हाच प्रस्तुत लेखाचा विषय होय.

या इतिहासाकडे वळण्याचे प्रयोजन वर्तमानातील एका प्रश्नात आहे. मुलांच्या पुस्तकांत सर्व प्रकारच्या मुलांना स्थान असावे, निरनिराळ्या जातिजमातींची, धर्मांची, प्रदेशांची आणि परिस्थितींची मुले त्यांत दिसावीत, ही मागणी आता सर्वमान्य होत चालली आहे. तथापि 'दिसावीत' हे क्रियापदच या मागणीची मर्यादा दाखविते. चर्चा होते ती बहुधा चित्रांची. जे पुस्तक मोठ्याने वाचावयाचे असते ते मुलाच्या डोळ्यांइतकेच, किंबहुना अधिक, त्याच्या कानावर पडते. म्हणून चित्रात कोणाचे मूल आहे, या प्रश्नाच्या जोडीने वाचणाऱ्याच्या मुखातून कोणाची भाषा ऐकू येते, हाही प्रश्न विचारणे अवश्य आहे.

प्रश्न अमूर्त राहू नये म्हणून एक स्थळ दृष्टीपुढे ठेवणे सोयीचे होईल. सोनारी हे धाराशिव जिल्ह्यातील (२०२३ पर्यंत उस्मानाबाद जिल्हा) परांडा तालुक्याचे गाव. काळभैरवनाथाच्या देवस्थानामुळे ते प्रसिद्ध असून, अनेक जिल्ह्यांत विखुरलेल्या कुळांचे ते कुलदैवत आहे. चैत्रातील यात्रेस लोटणारा समुदाय आणि मंदिराच्या आवारात वावरणारी माकडे ही गावाची ओळख बनली आहे. ज्या जिल्ह्यात हे गाव आहे, तेथे मराठवाडी मराठीच्या निरनिराळ्या छटा, मुसलमान कुटुंबांतील दखनी, बंजाऱ्यांची गोरमाटी आणि पारधी वस्त्यांवरील बोली एकमेकींच्या शेजारी नांदतात. जिल्ह्याच्या पश्चिमेकडील तालुक्यांतून अनेक कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीसाठी गाव सोडतात आणि त्यांची मुलेही त्यांच्याबरोबर जातात. अशा गावातील पाच-सहा वर्षांच्या मुलापुढे पुस्तक उघडून ते मोठ्याने वाचले जाते, तेव्हा त्या मुलास काय दिसते आणि काय ऐकू येते, ही कसोटी पुढील विवेचनास लावून पाहावयाची आहे.

२

चित्र दाखवून कथा सांगण्याच्या कलेचा जुना निर्देश सोनारीपासून फार दूरचा नाही. कल्याणीच्या चालुक्य वंशातील तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेल्या, इ. स. ११३० च्या सुमाराच्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात चित्रकथकाचा उल्लेख आहे. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. ते कर्नाटकातील बीदर जिल्ह्यात असले तरी धाराशिव जिल्ह्याच्या पूर्व सीमेपासून जवळच आहे. याच ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओव्या गातात, अशीही नोंद आहे. म्हणजे चित्र दाखविणारा कथेकरी आणि ओवी गाणारी स्त्री हे दोघेही बाराव्या शतकातील राजदरबारास परिचित होते.

ही कला पुढे ज्या रूपाने टिकली ते सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळील पिंगुळी येथे पाहावयास मिळते. तेथील ठाकर समाजातील चित्रकथी सुट्या कागदांवरील चित्रांचा संच बाळगतात. एका कथेच्या चित्रांच्या गठ्ठ्यास ते 'पोथी' असे म्हणतात, ही गोष्ट भाषादृष्ट्या अर्थपूर्ण आहे. या पोथीत अक्षर जवळजवळ नसते. तरीही ती पोथीच, कारण तिच्या आधाराने कथा 'लावता' येते. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटविलेली असतात. एक चित्र श्रोत्यांपुढे धरून त्या प्रसंगाचे गायन व निवेदन होते आणि मग पान उलटले जाते. साथीस वीणा, टाळ आणि हुडूक असतात. सावंतवाडीच्या संस्थानिकांचा या कलेस आश्रय होता. पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांस २०२१ मध्ये पद्मश्री देण्यात आली, तेव्हा या कलेकडे पुन्हा एकवार लक्ष वेधले गेले. याच कुळातील, 'पैठण शैली' म्हणून ओळखली जाणारी चित्रे पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आणि अन्यत्र जतन झाली आहेत.

चित्रकथीचे प्रयोग मुलांसाठी म्हणून होत नसत. सारा गाव त्यांचा श्रोता असे. परंतु चित्र, लेख आणि वाणी या तीन अंगांची त्यातील मांडणी ध्यानात घेण्याजोगी आहे. चित्र ठरलेले आहे, पिढ्यान्‌पिढ्या तेच आहे. लिखित संहिता नाही. वाणी मात्र मोकळी आहे. निवेदक आपल्या बोलीत बोलतो, श्रोत्यांकडे पाहून प्रसंग लांबवितो किंवा आटोपता घेतो, आणि देवादिकांच्या तोंडी गावचे शब्द घालतो. चित्रात राजे, ऋषी आणि राक्षस असले तरी कानावर येणारी भाषा घरचीच असते. चित्रातील अंतर वाणीने भरून निघते.

३

दुसरी परंपरा पोथीवाचनाची. श्रीधराचा 'हरिविजय' (१७०२) आणि 'शिवलीलामृत' (१७१८) हे ग्रंथ, तसेच त्याचा 'पांडवप्रताप', यांनी मराठी खेड्यातील श्रावण आणि चातुर्मास शतकांपर्यंत व्यापून टाकले. हे ग्रंथ मनातल्या मनात वाचण्यासाठी नव्हतेच. देवळाच्या ओसरीवर किंवा एखाद्याच्या वाड्यात एक जण ओवी वाचे आणि दुसरा तिचा अर्थ सांगे. ऐकणाऱ्यांत अक्षरशत्रू वृद्ध, कामे आटोपून आलेल्या बाया आणि पेंगुळलेली मुले असत. ज्या पिढीने शाळा पाहिली नाही, तिने ग्रंथ म्हणजे काय हे अशाच बैठकीत जाणले.

या व्यवहारात 'वाचक' आणि 'अर्थ सांगणारा' अशा दोन भूमिका आहेत, ही बाब भाषाशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. वाचक लेखाशी बांधलेला असतो. त्याला एक मात्राही बदलता येत नाही. अर्थ सांगणारा श्रोत्यांशी बांधलेला असतो. एकाची भाषा अठराव्या शतकातील ग्रंथिक मराठी, तर दुसऱ्याची त्या दिवसाची, त्या गावाची. दोहोंमध्ये जे अंतर आहे ते कोणी लपवीत नाही, आणि त्याची कोणास लाजही वाटत नाही. मुलाच्या कानावर दोन्ही भाषा एकामागून एक येतात. लिहिलेली भाषा निराळी असते आणि तरीही ती आपल्या भाषेत उतरविता येते, हा भाषाज्ञानातील पहिला मोठा धडा त्याला न कळत मिळून जातो.

चित्रकथीने चित्र पुरविले आणि पोथीने लेख. मोकळी वाणी दोघांच्याही ठायी होती. मुलांच्या छापील पुस्तकाने या दोहोंचा वारसा एकत्र केला असता, तर मराठी चित्रपुस्तकाचा इतिहास फार लवकर सुरू झाला असता. प्रत्यक्षात घडले ते वेगळे.

४

मराठीतील मुलांचे पहिले छापील वाङ्मय महाराष्ट्राबाहेर निर्माण झाले. तंजावरचे सरफोजी राजे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी काढलेल्या छापखान्यात एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इसापच्या कथांचे मराठी रूप 'बालबोध मुक्तावली' या नावाने छापले गेले. बंगालमधील श्रीरामपूर येथे वैजनाथ शर्मा यांच्या साह्याने 'सिंहासन बत्तिशी' (१८१४) यांसारखी पुस्तके निघाली. मुंबईत १८२२ मध्ये शाळापुस्तक मंडळी स्थापन झाली आणि तिच्या आश्रयाने सदाशिव काशीनाथ छत्रे यांची 'इसपनीतिकथा' आणि 'बाळमित्र' ही पुस्तके १८२८ मध्ये प्रसिद्ध झाली. 'बाळमित्रा'चे मूळ आर्नो बेर्कँ या फ्रेंच लेखकाच्या १७८२-८३ मधील कथासंग्रहात असून, तो इंग्रजीच्या द्वारे मराठीत आला. मराठी मुलाच्या हाती पडलेल्या पहिल्या महत्त्वाच्या गद्यकथा, याप्रमाणे, ग्रीक आणि फ्रेंच मुळाच्या होत्या. परदेशी मुलांच्या गोष्टी आपल्या मुलांना वाचावयास देणे ही अलीकडची प्रवृत्ती आहे, असे मानणाऱ्यांनी ही वस्तुस्थिती ध्यानात ठेवावी.

या काळात तीन अंगांच्या नात्यात मूलगामी बदल झाला. पहिली गोष्ट लिपीची. व्यवहारातील लेखन मोडीत होई. देवनागरीस 'बाळबोध' म्हणत, म्हणजे बाळासही बोध होईल अशी लिपी. छपाईने बाळबोध लिपी प्रधान केली आणि मुलांच्या पुस्तकाची लिपी व ग्रंथांची लिपी एकच झाली. हा लाभ मोठा होता. दुसरी गोष्ट भाषेची. मोल्सवर्थ यांचा कोश (१८३१) आणि मेजर थॉमस कँडी यांची शालेय पुस्तकांवरील दीर्घकाळची देखरेख यांच्या योगाने पुण्याकडील शिष्टवर्गाच्या बोलण्यावर आधारलेली एक प्रमाणभाषा पाठ्यपुस्तकांत स्थिर झाली. तिसरी गोष्ट विरामचिन्हांची. कँडी यांनी 'विरामचिन्हांची परिभाषा' ही पुस्तिका १८५० मध्ये प्रसिद्ध केली. स्वल्पविराम, पूर्णविराम आणि प्रश्नचिन्ह या वाचणाऱ्याच्या वाणीला दिलेल्या आज्ञाच होत. कोठे थांबावे, कोठे सूर चढवावा, हे पूर्वी वाचक ठरवी. आता ते पानावर छापून येऊ लागले.

शाळेतही मोठ्याने वाचन चालूच राहिले. किंबहुना 'वाचन' म्हणजे उभे राहून स्पष्ट उच्चारात धडा म्हणून दाखविणे, असा त्याचा अर्थ दीर्घकाळ होता. परंतु अर्थ सांगणाऱ्याची जुनी मोकळीक राहिली नाही. शिक्षकाने अर्थ सांगावयाचा तोही प्रमाणभाषेत, अशी अपेक्षा रूढ झाली. मुलाने घरची बोली वर्गाबाहेर ठेवून आत यावे, हा संकेत याच काळात पक्का झाला. पोथीच्या बैठकीत दोन भाषा शेजारी बसत. शाळेत त्यांच्यामध्ये उंबरठा आला. चित्राची अवस्था त्याहून गौण होती. ठसे महाग असत, पुष्कळदा परदेशांतून येत, आणि जे मिळेल ते चित्र मजकुरास जोडले जाई.

५

मुलांच्या मासिकांनी ही कोंडी काही अंशी फोडली. विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ मध्ये 'बालबोध' सुरू केले आणि १९१४ मध्ये निधन होईपर्यंत ते चालविले. वासुदेव गोविंद आपटे यांचे 'आनंद' १९०६ मध्ये निघाले. मद्रासहून निघणाऱ्या 'चांदोबा'ची मराठी आवृत्ती १९५२ मध्ये सुरू झाली आणि पानोपानी असलेल्या चित्रांनी तिने मराठी घरांत एक नवी सवय लावली : ज्याला वाचता येत नाही त्याने चित्र पाहावे आणि ज्याला येते त्याने वाचून दाखवावे. तीच चित्रे तेलुगू, तमिळ आणि इतर भाषांच्या आवृत्त्यांतही छापली जात. पाठ्यपुस्तक मंडळाची, म्हणजे 'बालभारती'ची, स्थापना २७ जानेवारी १९६७ रोजी झाली आणि मंडळाचे 'किशोर' हे मासिक १९७१ मध्ये सुरू झाले.

हा सारा इतिहास मुख्यतः मुंबई इलाख्याच्या शाळा आणि तेथील छापखाने यांच्या भोवती फिरतो. परांडा तालुका त्या वेळी निजामाच्या राज्यात होता. शेजारचा बार्शी तालुका मात्र सोलापूर जिल्ह्यातील, म्हणजे ब्रिटिश अमलाखालील. एका शिवारापलीकडे शिक्षणाची भाषाच बदलत असे. हैदराबाद संस्थानात राज्यकारभाराची भाषा उर्दू होती, १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते, आणि माध्यमिक शिक्षणावरही त्याच भाषेचा प्रभाव होता. मराठी शिक्षणासाठी येथे स्वतंत्र प्रयत्न करावे लागले. याच जिल्ह्यातील हिप्परगा येथे १९२१ मध्ये निघालेली राष्ट्रीय शाळा, जेथे स्वामी रामानंद तीर्थ यांनी पुढे काम केले, हा त्या प्रयत्नांतील एक ठळक टप्पा होय. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचा भाग झाला.

या घटनांचा मुलांच्या पुस्तकाशी संबंध असा की, पुण्या-मुंबईकडे ज्या प्रमाणभाषेची घडण चार पिढ्या शाळेतून होत होती, ती येथील बहुसंख्य मुलांपर्यंत विसाव्या शतकाच्या मध्यास एकदम तयार रूपात पोहोचली. उर्दूच्या जागी मराठी आली, हे खरेच मुक्तीचे पाऊल होते. तरी 'काय करायलास?' असे विचारणाऱ्या घरातील मुलास पुस्तकात 'काय करीत आहेस?' हेच वाक्य भेटले. आपलीच म्हणून मिळालेली भाषा आपली वाटण्यास येथे अधिक श्रम पडले. ज्या घरांत मराठीही नव्हती, तेथील मुलांचे अंतर याहूनही मोठे होते. पूर्वीच्या उस्मानाबाद जिल्ह्यातून १९८२ मध्ये वेगळ्या झालेल्या लातूर जिल्ह्याच्या परिसरातील लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या' (१९८७) या आत्मकथनाने शाळा आणि वस्ती यांमधील हे अंतर मराठी वाचकांपुढे प्रथमच इतक्या रोखठोकपणे मांडले.

६

स्वतंत्र भारतात चित्रपुस्तकाच्या निर्मितीस संस्थात्मक आधार मिळाला. नॅशनल बुक ट्रस्ट आणि शंकर पिल्लै यांचा चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट या दोन्ही संस्था १९५७ मध्ये स्थापन झाल्या. नॅशनल बुक ट्रस्टच्या 'नेहरू बाल पुस्तकालय' या मालेचे तत्त्व असे होते की, एकच पुस्तक, त्याच चित्रांसह, सर्व भारतीय भाषांत निघावे. मणिपूरच्या किंवा केरळच्या मुलाचे चित्र मराठी मुलापुढे यावे, हा त्यामागील राष्ट्रीय हेतू उघड होता, आणि किंमत कमी राहावी हा व्यावहारिक हेतूही त्यात होता. याच सुमारास सोव्हिएत प्रकाशनसंस्थांची मराठीत भाषांतरित झालेली, गुळगुळीत कागदाची स्वस्त चित्रपुस्तके महाराष्ट्रभर पसरली. १९९१ मध्ये सोव्हिएत संघराज्य कोसळले आणि हा ओघ आटला. तोपर्यंत बर्फ, अस्वले आणि रशियन आजीबाई मराठी मुलांच्या कल्पनासृष्टीत स्थिरावल्या होत्या.

या पुस्तकांनी मराठी मुलाची दृष्टी रुंदावली, यात शंका नाही. परंतु तीन अंगांच्या दृष्टीने येथे एक नवी स्थिती उद्भवली. चित्रकथीत चित्र स्थिर आणि वाणी मोकळी होती. शालेय पुस्तकात लेख स्थिर आणि चित्र गौण होते. भाषांतरित चित्रपुस्तकात चित्र आणि लेख दोन्ही स्थिर झाले. चित्र सर्व देशासाठी एकच, म्हणून ते कोणत्याही एका गावाचे नाही. भाषा सर्व मराठी मुलांसाठी एकच, म्हणून तीही कोणत्याही एका घराची नाही. सर्वांसाठी जे केले जाते ते पुष्कळदा कोणा एकाच्याही ओळखीचे राहत नाही, असा हा पेच आहे.

अमेरिकेतील इतिहास येथे तुलनेसाठी उपयुक्त आहे. नॅन्सी लॅरिक यांनी १९६५ मध्ये 'सॅटर्डे रिव्ह्यू' या साप्ताहिकात, १९६२ ते १९६४ या तीन वर्षांत तेथे प्रसिद्ध झालेल्या मुलांच्या ५,२०६ पुस्तकांची पाहणी मांडली. त्यांपैकी अवघ्या ६.७ टक्के पुस्तकांत एखादी तरी कृष्णवर्णीय व्यक्ती होती. एझ्रा जॅक कीट्स यांचे 'द स्नोई डे' हे १९६२ मधील पुस्तक त्या अपवादांत मोडते. त्यातील बर्फात खेळणारा पीटर हा कृष्णवर्णीय मुलगा सर्व देशाचा लाडका झाला आणि पुस्तकास १९६३ चे कॅल्डेकॉट पदक मिळाले. तरीही त्या पुस्तकाची भाषा प्रमाण इंग्रजीच होती. कृष्णवर्णीय मुलांची बोली चित्रपुस्तकाच्या निवेदनात ठळकपणे आली ती १९६९ मध्ये, जॉन स्टेप्टो या अगदी तरुण चित्रकाराच्या 'स्टीव्ही'मध्ये. चित्र आधी आले आणि वाणी सात वर्षांनी आली. पुस्तक मुलासाठी कधी आरसा असते तर कधी खिडकी, हे रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० मध्ये मांडलेले रूपक आता सर्वत्र सांगितले जाते. ते रूपक दृष्टीचे आहे. आरशाला आवाज नसतो, आणि मोठ्याने वाचावयाच्या पुस्तकाच्या बाबतीत नेमकी हीच उणीव भरून काढावी लागते.

७

मराठीत हा दुसरा टप्पा कोठवर आला आहे, हे पाहण्यास माधुरी पुरंदरे यांचे कार्य हे योग्य स्थान होय. लेखन आणि चित्रे या दोहोंची जबाबदारी एकाच व्यक्तीने घेतल्यामुळे ती दोन अंगे त्यांच्या पुस्तकांत मूळापासून एकत्र वाढतात. 'राधाचं घर' या पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेल्या संचाचे नावच लक्षणीय आहे. ते 'राधाचे घर' नाही. महाराष्ट्र शासनाने १९६२ मध्ये मान्य केलेल्या लेखनविषयक नियमांनंतरही औपचारिक लेखनात एकारान्त रूप आणि संभाषणात अनुस्वारान्त रूप, असा भेद रूढ राहिला. येथे बोलण्यातील रूप थेट मुखपृष्ठावर आले, कारण बोलणारी व्यक्ती लहान मुलगी आहे आणि पुस्तक कानासाठी आहे. एका अनुस्वाराने पुस्तक पाठ्यपुस्तकापासून वेगळे होऊन घराकडे सरकते. त्यांच्या 'चित्रवाचन' या पुस्तकात तर लेखाची सक्तीच नाही. चित्रे पाहून मुलाने आणि मोठ्या माणसाने आपसांत बोलावे, ही अपेक्षा आहे. पिंगुळीच्या अक्षरहीन पोथीचा हा आधुनिक अवतार मानावयास हरकत नाही. पुरंदरे यांस साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार २०१४ मध्ये मिळाला.

तथापि 'राधाचं घर' मधील बोलीही शहरी मध्यमवर्गाची आहे. यात लेखिकेचा दोष नाही. प्रत्येक लेखक आपल्या कानातील भाषा लिहितो. प्रश्न असा आहे की, इतर कानांतील भाषा अद्याप पानावर किती आली? चित्रांच्या बाबतीत बदल वेगाने होत आहे. बालभारतीच्या २०१९ मधील दुसरीच्या पुस्तकात आई आणि वडील दोघे मिळून भाजी निवडताना दाखविले, आणि त्याची वृत्तपत्रांतून चर्चा झाली. चेन्नईच्या तुलिका (१९९६) आणि बंगळूरच्या प्रथम बुक्स (२००४) या संस्थांच्या मराठी पुस्तकांतून आदिवासी, मुसलमान, अपंग आणि कष्टकरी घरांतील मुले दिसू लागली आहेत. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर आपली पुस्तके मुक्त परवान्याने खुली केली. त्यामुळे कोणासही तीच चित्रे घेऊन आपल्या भाषेत नवा लेख जोडता येतो. चित्र स्थिर ठेवून वाणी मोकळी करण्याची चित्रकथीची युक्ती येथे नव्या साधनाने परत आली आहे. प्रत्यक्ष मुलांपुढील वाचनाच्या बाबतीत पालघर जिल्ह्यातील सोनाळे येथून काम करणाऱ्या क्वेस्ट या संस्थेचा 'गोष्टरंग' हा उपक्रम उल्लेखनीय आहे. त्यात नट आश्रमशाळांतील मुलांपुढे पुस्तकांतील गोष्टी सादर करतात आणि मग ती पुस्तके मुलांच्या हाती येतात.

८

आता आरंभी योजिलेल्या कसोटीकडे वळावे. माकड आणि टोपीवाला यांची गोष्ट मराठी मुलांस सर्वत्र सांगतात. सोनारीच्या मुलास माकड हा चित्रात भेटणारा प्राणी नव्हे. देवळाच्या वाटेवर हातातील प्रसाद सांभाळावा लागतो तो त्याच्यापासून. चित्रातील माकड पाहून ते मूल गप्प बसणार नाही. त्याच्यापाशी सांगण्यासारखे वाचणाऱ्यापेक्षा अधिक असेल. ते सांगताना त्याच्या तोंडी घरची बोली येईल. त्या क्षणी वाचणारा त्याचे वाक्य सुधारू लागला तर मूल थांबते, आणि पुस्तक हे दुसऱ्या कोणाचे तरी आहे, असे शिकते. त्याने ते वाक्य तसेच घेऊन गोष्ट पुढे नेली तर पुस्तक मुलाच्या बोलण्यास जागा करून देते.

चित्रातील आईचेही असेच आहे. लेखात 'आई' हा एकच शब्द छापलेला असतो. ऐकणाऱ्या मुलांपैकी कोणी तिला 'माय' म्हणतो, बंजाऱ्याचे मूल 'याडी' म्हणते, मुसलमान घरातील मूल 'अम्मी' म्हणते. छापील शब्द बदलण्याची आवश्यकता नाही. चार शब्द चार निराळ्या पुस्तकांत छापणे व्यवहार्यही नाही. परंतु वाचणाऱ्याने 'आई' वाचून, 'तुमच्या घरी हिला काय म्हणतात?' एवढे विचारले की, अर्थ सांगणाऱ्याची जुनी भूमिका वर्गात परत येते. याने प्रमाणभाषेची हानी होईल ही भीती अनाठायी आहे. पोथीच्या श्रोत्यांनी दोनशे वर्षे श्रीधराची भाषा आणि आपली भाषा एकाच बैठकीत ऐकली. त्यामुळे ओवी बिघडली नाही आणि बोलीही मेली नाही. ऊसतोडीच्या हंगामात शाळा तुटलेल्या मुलाच्या बाबतीत तर याचे महत्त्व अधिक आहे. चार-पाच महिन्यांनी परतणाऱ्या मुलास शाळेतील जी गोष्ट पुन्हा आपलीशी वाटावयास हवी, ती पाठ्यक्रमातील पुढचा धडा नसून ऐकलेली कथा असण्याचा संभव पुष्कळ आहे.

या विवेचनाचा निष्कर्ष असा की, मुलांच्या चित्रपुस्तकांतील विविधतेचा प्रश्न चित्रकार आणि प्रकाशक यांच्यावर सोपवून सुटणारा नाही. त्याचा अर्धा भाग वाचून दाखविणाऱ्याच्या मुखात आहे. चित्रकथी आणि पोथी या दोन्ही परंपरांनी स्थिर वस्तूभोवती मोकळी वाणी राखली होती. एकोणिसाव्या शतकातील शालेय छपाईने ज्ञानाचा प्रसार केला, पण ही मोकळीक आकसून घेतली. विसाव्या शतकातील भाषांतरित चित्रपुस्तकाने चित्र दिले, पण तीच शिस्त पुढे चालविली. अलीकडे बोलण्यातील रूपे मुखपृष्ठावर येऊ लागली आहेत आणि चित्रांना नवी भाषा जोडण्याची सोयही झाली आहे. आता मराठवाडी, दखनी, गोरमाटी आणि पारधी बोलणाऱ्यांच्या कानांतील गोष्टी त्याच बोलींतून लिहिल्या जावयास हव्यात, आणि अंगणवाडीताई व शिक्षक यांच्या प्रशिक्षणात वाचनाबरोबर अर्थ सांगण्याच्या कलेसही स्थान मिळावयास हवे. पहिल्या कामासाठी बोलींचे संकलन अवश्य आहे, आणि ते विद्यापीठीय भाषाविभागांचे कर्तव्य होय. दुसऱ्यासाठी नवे काही शोधावयाचे नाही. देवळाच्या ओसरीवर जे होत असे, ते शाळेच्या ओसरीवर होऊ द्यावयाचे आहे.